रोजच्या फोटोंसाठी फोन पुरे, की वेगळा कॅमेरा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दीड वर्षाची, फोन तीन वर्षं जुना, हाताशी ५० हजार रुपये. नवा फोन घ्यावा की कॅमेरा? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "घरातले फोटो सगळे हललेले येतात." खरा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

मी चिपळूणला शाळेत शिकवते. फोटोग्राफर नाही. पण शाळेचं गॅदरिंग, सहल, भावकीतली लग्नं, शिमग्याची पालखी, कुठेही "बाई, कॅमेरा आणा हं" हे गेली काही वर्षं माझ्या वाट्याला आलेलं आहे. २०१६ साली दुकानदाराने काढून दिला तो संच मी घेतला: डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स. हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. दिवसा बाहेर फोटो झकास यायचे. संध्याकाळी घरात मात्र सगळे हललेले नाहीतर दाणेदार. पुढे दोन-तीन वर्षांनी भावाने नवा फोन घेतला आणि गणपतीच्या आरतीचा त्याचा फोटो माझ्यापेक्षा उजवा आला. एवढे पैसे घालून आपल्यालाच काही जमत नाही, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. दोष माझा नव्हता, लेन्सचा होता. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला जरा आकड्यांत सांगते.

फोटो ज्यावर उमटतो तो सेन्सर. चांगल्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. आपल्या बजेटातल्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो, तो साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे लहानशा टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळ काढलंत तर पाचपट. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल, तसंच हे. इथवर दुकानदारही सांगतो.

तो सांगत नाही ते पुढचं. पागोळी किती जाड पडते हे लेन्स ठरवते. लेन्सवर एफ म्हणून जो आकडा असतो तो जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. फोनची लेन्स साधारण एफ १.८ असते. सोबत मिळणारी १८-५५ची लेन्स झूम करून ५५वर नेली की एफ ५.६ होते. १.८वरून ५.६वर आलं की उजेड जवळजवळ दहावा हिस्सा उरतो. पाचने वाढला, दहाने घटला. म्हणजे तुमची मोठी परात आता फोनच्या वाटीच्या निम्मंच पाणी धरते! झूम न करता १८वर ठेवलीत तर लेन्स एफ ३.५ असते आणि हिशेब कसाबसा फोनच्या थोडा वर जातो. त्यात फोन एका फोटोसाठी लागोपाठ अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो, आणि ती करामत या कॅमेऱ्यांत सहसा नसते. भावाचा आरतीचा फोटो उजवा आला त्यात नवल काहीच नव्हतं.

पण ही बेरीज जमते ती समोरचं माणूस स्थिर असेल तर. आमच्याकडे शिमग्याला सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या जागी, रात्री पालखी नाचवतात. एकदा फोन आणि कॅमेरा दोन्ही घेऊन गेले होते. फोनच्या फोटोत मागच्या मांडवाची झालर, त्यावरचे बल्ब, कडेला हाताची घडी घालून उभे असलेले काका, सगळं लख्ख. मधोमध पालखी आणि आतली रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, मात्र चांदीचा नुसता पुसट पट्टा. तोवर मी ५०ची एफ १.८ लेन्स घेतली होती. ती लावून, आयएसओ (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ३२००, शटर १/२५० (म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतंच उघडं) ठेवून काढलेल्या फोटोत रूपांच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसत होतं. दाणे होते, बरेच होते. पण पालखी होती.

तुमची मुलगी ही ती पालखी आहे. दीड वर्षाचं मूल सेकंदभर एका जागी थांबत नाही, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत फोन शटर १/३० किंवा १/५०च्या आसपास ठेवतो. हललेला फोटो येणारच. नवा फोन घेतलात तर फरक पडेल, नाही असं नाही. पण या एका कामासाठी ५० हजारांचा फोन घेणं मला पटत नाही.

आधी बिनपैशाचे उपाय करून बघा. फोनची लेन्स पदराने पुसा. हसू नका, लहान मूल असलेल्या घरात फोनच्या काचेवर खोबरेल तेल आणि वरणभाताची बोटं कायम असतात, आणि दिव्याभोवती जो धुरकट पसारा दिसतो तो निम्मा त्याचाच असतो. संध्याकाळऐवजी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ तिला खेळायला बसवा, तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसा. खिडकीपासून हातभर अंतरावर ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो, आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही एवढंच. आणि हात लांब करून तिच्या तोंडाजवळ फोन नेऊ नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, जवळून नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोन पावलं मागे जा आणि २एक्सवर काढा.

आठ-पंधरा दिवस असं करून बघितलंत आणि फोटो बरे येऊ लागले, तर पैसे बँकेत राहू द्या.

नाही आले, किंवा तुम्हाला संध्याकाळचे, पळापळीचे फोटोच हवे असतील (आणि खरी मजा तीच आहे, मान्य), तर माझं मत असं: जुनी, वापरलेली डीएसएलआर बॉडी घ्या आणि पैसे लेन्सवर घाला. १८-५५ फुकट मिळाली तर घ्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. एक एफ १.८ची साधी, झूम नसलेली लेन्स. सगळ्यात स्वस्त मिळते ती ५०ची. मी माझी साडेआठ हजारांना घेतली होती, आता भाव वाढलाय. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स बरीच जवळ ओढते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी भिंतीला पाठ टेकून उभी राहते तरी भाचा मावतो, त्याला धरून बसलेली आजी मावत नाही. खोल्या लहान असतील तर ३५ची बघा.

या लेन्सची एक खोड आहे. दीड मीटरवरून एफ १.८ला फोटो काढलात तर जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यावर फोकस बसला तर डोळे मऊ पडतात. नव्या मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत कॅमेरा स्वतःच डोळा शोधून धरून ठेवतो, आणि मुलांच्या फोटोंसाठी ही सोय खरंच पैसे वसूल आहे. पण नवा मिररलेस आणि वर वेगळी लेन्स हे ५० हजारांत बसवणं कठीण. जुन्या डीएसएलआरवर मी एफ २.५च्या आसपास ठेवते, मधला फोकस बिंदू डोळ्यावर नेते, आणि पाचांतला एक नीट येतो. त्या एकासाठी चार टाकायची तयारी हवी. अजून एक गंमत: लागोपाठच्या फोटोंत एक उजळ आणि एक पिवळट-काळपट आला तर कॅमेरा बिघडला समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/१०० ठेवलं की हा प्रकार थांबतो. मात्र तेव्हा मुलगी जरा बसलेली हवी.

फोनच्या पोर्ट्रेट मोडने (मागचं सगळं धूसर करणाऱ्या) कॅमेऱ्यासारखाच फोटो येतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मागच्या वर्षी आईचा पंच्याहत्तरीचा फोटो मी घाईत फोनवर त्या मोडमध्ये काढला. लहान पडद्यावर सुरेख दिसला. मोठा करून फ्रेम करायला दिला तेव्हा लक्षात आलं: गजऱ्याच्या कडेची मोगऱ्याची फुलं मागच्या भिंतीत विरघळली होती, आणि नथीचा खालचा मोती अर्धाच होता. फोनला माणूस कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज करावा लागतो, आणि केस, नथ, चष्म्याची काडी इथे तो चुकतो. लेन्सला अंदाज करायचाच नसतो. तो फोटो आईने अजून लावलेला आहे, मीच त्याच्याकडे बघत नाही.

बाकी बहुतेक सगळ्या गोष्टींत फोन पुढे आहे आणि त्याबद्दल वाद घालत बसण्यात अर्थ नाही. पाठीमागे ऊन असताना माणूस काळं न पडता आभाळही दिसणं, चालता चालता न थरथरणारा व्हिडिओ, सहलीत बसच्या खिडकीतून दिसलेला घाट, फळ्यावरचं गणित, किराणा बिल. कॅमेरा तेव्हा कपाटात असतो. आणि फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचेच असतील, तर व्हॉट्सॲप एरवी ते लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. तिथे तुमची लेन्स कुणी ओळखणार नाही. कॅमेऱ्यातले फोटो कार्डातून काढायचे, निवडायचे, पाठवायचे हे आणखी एक कामच आहे. माझ्या एका कार्डात दोन वर्षांचे फोटो कोणीही न बघता पडून होते. हे काम तुमच्याकडून होणार नसेल तर प्रामाणिकपणे आत्ताच कबूल करा, पैसे वाचतील.

५० हजारांत "६०एक्स झूम" असला जोडलेल्या लेन्सचा कॅमेरा कुणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हणा. त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे चांगल्या फोनपेक्षाही लहान. भिगवणला भर उन्हात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपायला तो चालेल, फोन तिथे खरंच काही करू शकत नाही. घरात संध्याकाळी अजिबात नाही. जुने खिशातले डिजिटल कॅमेरेही तसेच. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३-२४मध्ये वर्षाला ८० लाखांच्या आसपास. गळाले ते मुख्यतः हेच लहान कॅमेरे, आणि फोनने त्यांची जागा घेतली ती उगीच नाही.

आता बुरशी. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, पण कोकणात किंवा मुंबईत असाल तर हे वाचाच. २०१९च्या पावसाळ्यात माझा कॅमेरा त्याच्या बॅगेत, बॅग लाकडी कपाटात, जूनपासून बंद. गणपतीला बाहेर काढला तर १८-५५च्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले. बॅगेतला स्पंज ओल धरतो आणि अंधार असतो, बुरशीला अजून काय हवं? साफ करायला लेन्सच्या किमतीच्या जवळपास पैसे सांगितले, म्हणून ती तशीच ठेवून दिली. आता कॅमेरा आणि ५०ची लेन्स हवाबंद झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि आत छोटा आर्द्रतामापक आहे. आकडा ४० ते ५०च्या मध्ये राहील असं बघते. जेलचा रंग बदलला की पुड्या वाळवते. तांदूळ घालू नका, त्यांची पूड काचेवर बसते.

वापरलेला कॅमेरा घेताना म्हणूनच दुकानात पहिलं काम हे करा: लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं आत बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर चालतील, तंतू दिसले तर तिथेच परत द्या, कितीही स्वस्त असो. मग शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारा. या वर्गातले कॅमेरे शटर साधारण एक लाख वेळा उडेल अशा हिशेबाने बनवलेले असतात, त्यामुळे वीस-पंचवीस हजार वेळांपेक्षा कमी उडालेला मिळाला तर तुमच्या मुलीची शाळा सुरू होईपर्यंत काळजी नको. जाताना मुलीला सोबत न्या आणि दुकानातल्याच उजेडात तिचे वीस फोटो काढून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.