फायनल टेबलवर स्ट्रॅटेजी किती आणि नशीब किती?

तुम्ही विचारलंय की पोकर टूर्नामेंटच्या फायनल टेबलवर (शेवटी उरलेले मोजके खेळाडू बसतात ते टेबल) पोचल्यावर स्ट्रॅटेजीला काही अर्थ उरतो का, की तिथून पुढे सगळा पत्त्यांचाच खेळ. मी बरीच वर्षं टूर्नामेंट खेळतोय आणि माझं मत असं आहे की त्या एका रात्रीपुरतं बोलायचं तर नशिबाचा वाटा बहुतेकांना वाटतो त्याहून मोठा असतो, पण ज्याला त्या टेबलवरचा पैशांचा हिशेब कळत नाही तो पत्ते चांगले येऊनसुद्धा पैसे घालवतो.

आधी नशिबाचं बघू. फायनल टेबलपर्यंत ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) इतके वाढलेले असतात की निम्म्या लोकांकडे १५-२० बिग ब्लाइंड उरलेले असतात, त्यामुळे फ्लॉप, टर्न, रिव्हर (टेबलवर सगळ्यांसाठी उघडणारी पहिली तीन, चौथं आणि पाचवं पान) असं निवांत खेळायला जागाच राहत नाही, पैसे फ्लॉपच्या आधीच मध्ये जातात. आणि एकदा ऑल-इन झालं, म्हणजे सगळ्या चिप पणाला लागल्या, की तुमच्या हातात काही नाही. दोन राण्या विरुद्ध एक्का-राजा म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण ५७-४३ टक्के. दोन एक्के विरुद्ध दोन राजे, यापेक्षा चांगली परिस्थिती क्वचितच मिळते, तरी एक्के पाचातून एकदा हरतातच. आता असे ८०-२० चे तीन ऑल-इन लागोपाठ जिंकायचे असतील तर शक्यता उरते ५१ टक्के! म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही एकदम बरोबर खेळलात तरी निकाल नाणेफेकीसारखाच.

पोकरची सगळ्यात नावाजलेली स्पर्धा, २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट बघा. दहा जण उरलेत, ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी, फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी. फ्लॉपवर दोन राण्या आणि एक छक्की, म्हणजे आयव्ही खूप मागे. टर्नवर नव्वी आली, आयव्हीचं फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) झालं, सगळे पैसे मध्ये गेले आणि आता मनीमेकरला उरलेल्या ४४ पानांतली फक्त ७ पानं वाचवू शकत होती. रिव्हरवर एक्का पडला, मोठं फुल हाऊस, आयव्ही दहावा. दोन पानांत नशीब दोनदा फिरलं, यात कुणाचीच स्ट्रॅटेजी नाही. पण त्याच मनीमेकरने शेवटी दोघंच उरल्यावर सॅम फारासमोर हातात नुसता राजा हाय (जोडीसुद्धा नाही, राजा हेच सगळ्यात मोठं पान) असताना, ज्या पानांची वाट बघत होता तो ड्रॉ हुकलेला असताना रिव्हरवर ऑल-इन केलं आणि फाराला नव्व्यांची जोडी फोल्ड करायला, म्हणजे टाकून द्यायला लावली, आणि ते मात्र नशीब अजिबात नव्हतं. त्याच फायनल टेबलवर तिसरा आलेला डॅन हॅरिंग्टन २००४ ला परत फायनल टेबलवर होता, चौथा आला. २००३ ला ८३९ एंट्री होत्या, २००४ ला २५७६. नुसत्या नशिबावर हे होत नाही.

आता हिशेबाचं, कारण खरी गंमत इथे आहे. टूर्नामेंटमध्ये चिप म्हणजे पैसा नाही. समजा तिघं उरलेत, बक्षिसं ५०, ३० आणि २०. मोठ्याकडे ५०००, तुमच्याकडे ३०००, छोट्याकडे २००० चिप. आयसीएम नावाचं गणित आहे, प्रत्येकाची पहिला-दुसरा-तिसरा येण्याची शक्यता चिपच्या प्रमाणात काढायची आणि बक्षिसांनी गुणायची. त्यानुसार मोठ्याच्या चिपची किंमत होते ३८.३९, तुमच्या ३२.७५, छोट्याच्या २८.८६. बघा, छोट्याकडे मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी चिप आहेत पण पैशात तो एवढा मागे नाहीच.

मग मोठा तुमच्यावर ऑल-इन टाकतो. कॉल करून (म्हणजे तेवढ्याच चिप लावून) जिंकलात तर तुमच्याकडे ६०००, किंमत ४१, म्हणजे फायदा ८.२५. हरलात तर तिसरे, २० घेऊन घरी, तोटा १२.७५. फक्त चिप मोजल्या तर कॉलला जिंकण्याची ५० टक्के शक्यता पुरेशी, पण पैशात मोजलं तर जवळपास ६१ टक्के लागतात (पॉटमधले, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेतले ब्लाइंड मी सोडलेत, ते धरले की आकडा थोडा खाली येतो). म्हणजे समोरच्याने एक्का-राजा उघडे दाखवले आणि तुमच्या हातात दोन राण्या आहेत तरी ५७ टक्क्यांवर तो कॉल तोट्याचा! हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाच पटत नाही, कागद घेऊन स्वतः करून बघा. आणि मोठ्याला त्याच लढाईत साधारण ५४ टक्केच लागतात, कारण हरला तरी त्याच्याकडे २००० उरतात. गप्प बसलेल्या छोट्याचं काय होतं? तुम्ही हरलात तर एकही पान न खेळता त्याची किंमत २८.८६ वरून ३४ वर जाते. म्हणून दोघं भिडले की तिसरा कमावतो.

यातूनच बाकीची स्ट्रॅटेजी निघते. मोठा स्टॅक, म्हणजे चिपचा साठा, असेल तर मधल्यांना दाबा, सगळ्यात छोट्याला नाही, कारण त्याच्याकडे गमवायला फार काही नसतं आणि तो कॉल करून टाकतो. मधला स्टॅक असेल तर मोठ्याच्या वाटेला जायचं नाही, त्याच्याशी भिडायला खरोखर भारी पत्ते हवेत, आणि तो तुमच्या डावीकडे बसलेला असेल तर ब्लाइंड चोरणं (रक्कम वाढवून सगळ्यांना फोल्ड करायला लावणं आणि ब्लाइंड घेणं) कमी करा कारण तो जवळपास कायम तुमच्यानंतर खेळणार. १० बिग ब्लाइंडच्या आसपास आलात की आपण पहिले ऑल-इन टाकायचं, कॉल करायची वाट बघत बसायचं नाही, कारण ऑल-इन टाकणारा दोन प्रकारे जिंकतो, सगळे फोल्ड झाले तर किंवा पानं लागली तर, कॉल करणाऱ्याला फक्त दुसराच रस्ता. अपवाद एकच, तुमच्याहून छोटा कुणीतरी पुढच्या दोन हातांत ब्लाइंडमध्ये संपणार असेल तर खुशाल थांबा.

दोघंच उरले की हे सगळं बदलतं. दुसरं बक्षीस दोघांचंही पक्कं झालेलं असतं, उरलेल्या फरकासाठी चिप सरळ पैशासारख्या चालतात, ६१ टक्क्यांचा नियम संपला आणि ५० परत आला. तासन्‌तास सांभाळून खेळलेले लोक इथेही तसेच आवळून खेळत राहतात आणि ब्लाइंडमध्ये झिजतात. इथे एखादा एक्का किंवा राजा हातात असला तरी तो चांगला हात समजून खेळा.

आणि खेळ थांबवून बक्षिसं आपसात वाटून घ्यायची बोलणी निघाली तर आकडा स्वतः काढा. वरच्याच उदाहरणात ८००० विरुद्ध २००० असेल तर दोघांनी आधी ३०-३० घ्यायचे आणि उरलेले २० चिपच्या प्रमाणात वाटायचे, म्हणजे ४६ आणि ३४. मोठा स्टॅकवाला बऱ्याचदा म्हणतो सगळी रक्कम चिपच्या प्रमाणात वाटू, ऐकायला न्याय्य वाटतं, पण मग त्याला ८० पैकी ६४ मिळतात, पहिल्या बक्षिसापेक्षाही जास्त, आणि तुम्हाला १६, म्हणजे तिसऱ्याला मिळाले त्याहून कमी. असं कुणी म्हणालं तर सरळ नाही सांगा आणि डीलरला पत्ते वाटायला सांगा.