'बरं झालं' म्हणायचा हक्क कोणाचा?

यावेळची पत्रं समोर घेऊन बसले तर लक्षात आलं की घरं वेगवेगळी पण रडगाणं जवळपास एकच, म्हणजे अचानक काहीतरी कोसळलंय नाहीतर अचानक काहीतरी पदरात पडलंय, आणि आता हसायचं, रडायचं की देवापुढे हात जोडायचे हेच कळेना झालंय. पाच निवडलीत. काहींनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, मग म्हटलं बाकीच्यांचं तरी कशाला, कोणाचंच नको.

प्रश्न : ताई, दोन महिन्यांत आमच्याकडे रांगच लागली. आधी ह्यांची नोकरी गेली, पंधरा दिवसांत सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालतात. पण सगळ्यांना हसवतायत त्याच! ह्यांना म्हणाल्या, "बरं झालं पडले, तुला लगेच दुसरी नोकरी लागली, मला उठवायची. पगार नाही पण बॉस ओळखीची आहे." आम्ही इतके हसलो की नर्स काय झालं म्हणून बघायला आली. तेवढ्यात भेटायला आलेल्या एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "यांना कशाचं काही नाहीच." तेव्हापासून हसले की अपराधी वाटतं. देव परीक्षा घेतोय आणि आम्ही फिदीफिदी करतोय, हे चुकतंय का?

उत्तर : अगं सूनबाई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि ते बॉसचं वाक्य मी ढापणार आहे, हेही सांग.

चुकत काही नाहीये. हसलं म्हणजे दुःख कमी आहे हा हिशोबच कोणी कुठून काढला देव जाणे. केल्टनर आणि बोनॅनो या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे. नवरा किंवा बायको जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांशी ते बोलले, गेलेल्या माणसाबद्दलच बोलले, आणि बोलता बोलता कोण मनापासून हसतंय ते पाहिलं. मनापासून म्हणजे डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात ते हसू, फोटोपुरतं दात दाखवणं नाही. तर अशी हसलेली माणसं आतून कमी चिडलेली आणि आसपासच्यांशी जास्त धरून असलेली दिसली. तीही रडत असणारच की, पण अधेमधे श्वास घेत होती. शिवाय रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने बरीच वर्षं हसण्याचा अभ्यास केला, त्याला दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट जास्त तो माणसांत असताना हसतो. म्हणजे तुमच्या त्या खोलीत नर्सला जे ऐकू गेलं ते बरंचसं 'आपण अजून एकत्र आहोत' याचाच आवाज असणार.

माझंच सांगते. बाबा आयसीयूत होते, रात्री दोनला फोन आला, भाऊ धावत आला तर एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात वहिनीची. बाबांनी मास्क बाजूला करून त्याच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं काय तर, "मग ती काय घालून आली?" आणि खरंच वहिनी मागून उरलेला जोड घालून फटक फटक करत येत होती. बाबा त्यातून उठले नाहीत, चार दिवसांनी गेले. पण आज आम्ही भावंडं जमलो आणि त्यांची आठवण निघाली की मॉनिटरची टूंटूं कोणाला आठवत नाही, ती चप्पल आठवते.

आता त्या नातेवाईक बाईंचं. त्यांना रडं बघायची तयारी करून यावं लागलं होतं, बिचाऱ्यांचा चेहरा तयार होता आणि इथे वेगळाच सीन निघाला. सोडून दे. एक मात्र बघत जा, रात्री सगळे झोपल्यावर नवरा कसा असतो ते. दिवसभर आईच्या विनोदावर हसणारा माणूस नोकरीचं दुखणं आत दाबूनही ठेवू शकतो. त्याला एकदा एकटा गाठून नुसतं विचार, उपाय सुचवू नकोस.

प्रश्न : मी सुरू केलेला छोटा व्यवसाय दीड वर्षात बंद करावा लागला. नवरा चारचौघांत मला 'आमच्या उद्योगपती' म्हणतो, सगळे हसतात. मी गप्प बसले की म्हणतो तुला विनोदच कळत नाही, लाइटली घ्यायला शिक. माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही.

वरच्या पत्रातल्या सासूबाई स्वतःच्या मोडक्या हाडावर बोलत होत्या. तुझा नवरा तुझ्या हाडावर बोलतोय. एवढाच फरक आहे आणि तो भरपूर आहे. रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले, माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. चारही प्रकारांत लोक हसतात, त्यामुळे लोक हसले हा काही पुरावा नव्हे. नवऱ्याला घरी, शांतपणे, पाहुणे नसताना सांग की या विषयावर पहिला जोक मी करणार, मला जमेल तेव्हा, आणि तोवर तू नाही. तरीही पुढच्या वेळी म्हणालाच तर हसू नकोस, रागावूही नकोस, फक्त विचार, "यात हसण्यासारखं काय होतं ते समजावून सांग ना." जोक समजावून सांगायला लागला की तो जागीच मरतो, मी करून पाहिलंय.

प्रश्न : मी ४५, बायको ४२, मुलगी १७. आता कुठे आम्ही दोघं मोकळे होणार, फिरायला जाणार असं ठरत होतं आणि बायकोला दिवस गेलेत. दोघांनी मिळून ठेवायचं ठरवलंय. सगळे म्हणतात देवाची कृपा, पण मला रात्री झोप लागत नाही, हे मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा मी ६५ चा असेन हेच गणित डोक्यात. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : दादा, कृपेला वेळेचं भान नसतं, ती पाहुण्यांसारखी नेमकी आपण कुलूप लावून बाहेर पडताना येते. घाबरणं आणि कृतघ्न असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही घाबरलात याचा अर्थ जबाबदारी कळलीये. ज्याला काहीच वाटलं नाही त्याची मला जास्त काळजी वाटली असती.

बायबलच्या अगदी सुरुवातीच्या भागात सारा आणि अब्राहमची गोष्ट आहे. तो शंभरीला टेकलेला, ती नव्वदीला, आणि देव सांगतो की तुम्हाला मुलगा होणार. दोघंही हसले! त्यात सारा तंबूच्या आडून हसली, देवाने विचारलं का हसलीस, तर घाबरून म्हणाली मी नाही हसले, आणि देव म्हणतो, नाही, हसलीस. म्हणजे बघा, श्रद्धेच्या एवढ्या मोठ्या गोष्टीत 'हसलीस-नाही हसले' अशी घरगुती बाचाबाची आहे. मूल झालं त्याचं नाव इसहाक, आणि त्या नावाचा अर्थच मुळी 'तो हसतो' असा आहे. मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं तर हसली म्हणून तिचं देणं काही परत घेतलं नाही. अविश्वासाने हसली, मूल झालं, मग आनंदाने हसली. तुमची आत्ता पहिली पायरी चालू आहे एवढंच.

बाकी कामाचं बोलू. चाळिशीनंतरच्या बाळंतपणात ब्लडप्रेशर आणि शुगर वाढण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे डॉक्टरांकडच्या तपासण्या चुकवू नका आणि प्रत्येक वेळी सोबत जा, त्या ६५ च्या गणितापेक्षा हे गणित जवळचं आहे. आणि लेकीला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तुम्ही सांगा. ती ओशाळेल, चिडेल, मैत्रिणींना काय सांगू म्हणेल, सतराव्या वर्षी आपले आईबाप अजून नवराबायको आहेत हा शोध लागणं काही सोपं नसतं हो. तिला लगेच खूश व्हायला सांगू नका. तुम्हाला तरी कुठे लगेच जमलंय.

प्रश्न : माझा मोठा भाऊ ३८ व्या वर्षी अपघातात गेला. सात महिने झाले. मी रोज प्रार्थना करणारा माणूस, तेव्हापासून हात जोडलेले नाहीत, देवाचा राग येतो. आई उलट रोज म्हणते की देवाने केलं ते काहीतरी चांगल्यासाठीच. ते ऐकलं की मी घराबाहेर निघून जातो. आईला गप्प कसं करू?

उत्तर : या पत्राला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रागाचं आधी. देवावर रागावणं म्हणजे श्रद्धा संपली असं तुला वाटतंय, पण आपल्या संतांकडे बघ ना जरा. जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणते, कारट्या म्हणते, चांगल्या ठेवणीतल्या शिव्या घालते. जो नाहीच आहे त्याला कोणी शिव्या देत बसत नाही. अबोला धरायलासुद्धा समोर कोणीतरी असावं लागतं. तू सात महिने भांडतोयस, म्हणजे नातं अजून आहे असं निदान मी तरी म्हणेन. आणि उद्या नाहीच जोडावेसे वाटले हात, तर नको जोडूस, त्यासाठीही कोणाची परवानगी लागत नाही.

आता आईचं वाक्य. तुकाराम महाराजांचं दिवाळं निघालं, १६३० च्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला. नंतर ते स्वतःच म्हणाले की देवा, दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने छळलं ते बरं झालं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणाचं काही बिघडलं की लोक पटकन तेच तोंडावर फेकतात. पण ते बोललं कोण? ज्याचं गेलं तो. स्वतःच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या वेळेला. शेजाऱ्याने येऊन त्यांना ते ऐकवलं असतं तर ते तितकंच क्रूर झालं असतं जितकं तुला वाटतंय.

पण इथेच गोची आहे बघ, कारण तुझी आई शेजारीण नाहीये. तिचाही मुलगा गेलाय. ती ते वाक्य तुला ऐकवते असं तुला वाटतंय, मला वाटतं ती ते स्वतःलाच ऐकवते, रोज, कारण एक दिवस नाही म्हटलं तर कोसळेल. ती तिची काठी आहे. काठी काढून घेऊ नकोस. फक्त म्हण, "आई, तुला त्याने बरं वाटतं ना, तू म्हण, मला अजून नाही जमत." आणि बाहेर निघून जाण्याऐवजी तिथेच बस. गप्प बसलास तरी चालेल.

एक मात्र मनापासून सांगते. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाने संकटातली माणसं श्रद्धेकडे कशी वळतात याचा खूप वर्षं अभ्यास केला, त्यात 'देव सोबत आहे' हा भाव आधार देणारा आणि 'देव मला शिक्षा देतोय, मला टाकलंय' हा भाव पोखरणारा, असं सारखं दिसतं. नुसत्या रागाला मी भीत नाही. पण 'माझ्यामुळे झालं, माझीच शिक्षा' असं डोक्यात फिरायला लागलं, झोप-जेवण गेलं, तर एखाद्या समुपदेशकाकडे जा, खरंच जा. आणि भावाचा एखादा गाढवपणा आठवतोय का, दोघांनी मिळून केलेला, आईला आजवर न सांगितलेला? मला तो लिहून पाठव. छापणार नाही.

प्रश्न : धंदा बुडाला, मोठं घर सोडून लहान भाड्याच्या घरात जातोय. मुलं ८ आणि १२ वर्षांची. त्यांना सांगायचं का की नवीन घर 'जास्त छान' आहे असं म्हणून वेळ मारून न्यायची?

उत्तर : बारा वर्षांच्या पोराला खोल्या मोजता येतात हो!

सांगा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना स्वतःच्या घराबद्दल २० प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे भेटले, घरात कोणावर काय वाईट प्रसंग आला असले. ज्यांना जास्त माहीत होतं त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. नुसती चढती कमान असलेली गोष्ट मुलांच्या फारशी कामाची नसते, त्यांना पडलो-उठलो-पुन्हा धडपडलो अशी लागते. तर कर्जाचे आकडे नको, पण धंदा चालला नाही, आपण लहान घरात जातोय, शाळा तीच राहील की नाही, हे सरळ सांगा. 'बरं झालं' वगैरे तुम्ही म्हणू नका, म्हणायचं असेल तर मुलं म्हणतील, बहुतेक जेव्हा कळेल की लहान घरात वायफाय सगळ्या खोल्यांत येतं तेव्हा. आणि सामान बांधताना खोक्यांवर काय आहे ते त्यांनाच लिहू द्या, चुकीचं लिहिलं तरी खोडू नका.