नवरा धंद्याचं उत्पन्न दाखवत नाही, योजनेचे पैसे माझ्या नावावर येतात. मी बोलले तर घरात अबोला. काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे मिस्टर एसी आणि वॉशिंग मशीन रिपेअरिंगची स्वतःची कामं घेतात, सीझनला महिन्याला ५०-६० हजार येतात, काही कॅश आणि काही सासूबाईंच्या नावावरच्या क्यूआर कोडवर, आयकर रिटर्न कधी भरलेलं नाही, आणि लाडकी बहीणचा फॉर्म भरताना तुम्ही उत्पन्न अडीच लाखाच्या आत लिहिलंय. आता ई-केवायसी करताना परत तेच खरं म्हणून पुढे जायचं तुमच्या जिवावर आलंय, आणि तसं बोलून दाखवल्यापासून सासूबाई बोलत नाहीत, मिस्टर म्हणतात तुझं काय जातंय. तुम्ही विचारलंय की मी चुकतेय का आणि नवऱ्याची तक्रार करावी का.

चुकत नाही आहात. तक्रार मात्र करू नका, रागात तर नकोच. का ते सांगते, पण त्यासाठी आधी आमच्या घरातलं सांगावं लागेल.

माझे मिस्टर फॅब्रिकेशन करतात. ग्रील, गेट, शटर, जिन्याचं रेलिंग. लग्न झालं तेव्हा दुसऱ्याकडे वेल्डर होते, मग २०१३ ला स्वतःचं सुरू केलं. मोठ्या मुलीला २०१७ ला पहिलीत घालायचं होतं, तेव्हा दिरांनी सुचवलं की आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागेतून फॉर्म भरा, आठवीपर्यंत इंग्लिश मीडियमची फी वाचेल. त्यात आर्थिक दुर्बल म्हणून बसायचं तर उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे. आम्ही तहसीलचा दाखला काढला ९६ हजारांचा. म्हणजे महिन्याला ८ हजार. तेव्हा घरात खर्च जाऊन महिन्याला ३५-४० हजार येत होते, हे मला साधारण माहीत होतं, साधारणच, कारण पक्का आकडा मला कधी कोणी सांगितलाच नव्हता. सेतूत बसून स्वयंघोषणापत्र भरलं, त्यात खाली लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर मी शिक्षेस पात्र राहीन अशा अर्थाचं, ते मिस्टरांनी वाचलंसुद्धा नाही, सही केली आणि पेन परत दिलं. मी शेजारी उभी होते. काही बोलले नाही.

सोडतीत नंबर लागला. त्याच सोडतीत आमच्या वर्कशॉपवरच्या हेल्परच्या मुलाचाही फॉर्म होता, तो वेटिंगला राहिला आणि शेवटपर्यंत त्याचा नंबर आला नाही. त्या माणसाने आम्हाला पेढे मागितले होते हसत हसत. त्याला आमच्या दाखल्यावर काय आकडा आहे हे माहीत असणं शक्य नव्हतं. हे मी आजपर्यंत त्याला सांगू शकलेले नाही, आणि ते माझ्या मनातून जातही नाही.

पुढचं ऐका, कारण तुमच्या मिस्टरांना ते सांगायचंय. डिसेंबर २०१९ मध्ये मिस्टरांना साइटवरून येताना टेम्पोने उडवलं. डाव्या पायाची दोन हाडं मोडली, रॉड घातला, डॉक्टर म्हणाले सहा महिने उभं राहून काम नाही. आणि वेल्डिंगचं काम बसून किती होणार. नुकसानभरपाईचा दावा लावायला वकिलांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की उत्पन्नाचा पुरावा काय आहे. अपघाताच्या दाव्यात माणसाचं किती उत्पन्न बुडालं यावरच बराचसा हिशोब होतो ना. रिटर्न? नाही. बिलबुक? नाही. बँकेत व्यवहार? थोडेफार. मग कागद कोणता आहे तुमच्याकडे, तर कागद एकच, तो ९६ हजारांचा दाखला. वकिलांनी तो हातात धरून विचारलं, "वहिनी, तुम्ही म्हणता महिन्याला ४० हजार, इथे तर तहसीलदार ८ हजार म्हणतायत, मी कोर्टात काय सांगू?" तहसीलदार कुठे म्हणत होते, आम्हीच म्हटलेलं होतं ते. शेवटी दोन वर्षांनी लोकअदालतीत जे मिळालं ते घेऊन मिटवलं, त्यातून ऑपरेशनचा खर्चसुद्धा पूर्ण निघाला नाही.

पण मला खरा धक्का बसला तो तिथे नाही, घरात बसला. मिस्टर पडून होते तेव्हा येणी वसूल करायला कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून त्यांची डायरी पहिल्यांदा माझ्या हातात आली. काळ्या रेक्झिनची, वेल्डिंगच्या ठिणग्या उडून कव्हरला बारीक बारीक भोकं पडलेली. आत नावं अर्धी, आकडे हजारातले पण शून्य न लिहिलेले, म्हणजे "मागची गल्ली, ग्रील २ नग, ४ आले ६ बाकी" असं. रात्री बसून बेरीज केली तर १ लाख ७० हजार उधारी. शेवटच्या पानांवर एका भिशीचा हिशोब होता जी मला माहीत नव्हती, आणि दिरांना दिलेले ८० हजार होते तेही मला माहीत नव्हते. मी एकेकाला फोन केले. निम्म्यांनी दिले, बाकीचे म्हणाले आम्ही तर सगळे देऊन टाकलेत, बिल आहे का तुमच्याकडे. बिल कुठून असणार, बिल करायचंच नाही हेच तर ठरलेलं.

तेव्हा मला कळलं की ही डायरी फक्त सरकारला दाखवायची नव्हती असं नाही, ती मलाही दाखवायची नव्हती. मिस्टर वाईट नाहीत हो, अजिबात नाहीत, त्यांनी मुद्दाम माझ्यापासून काही चोरलं असं मी आजही म्हणत नाही. पण एकदा आकडा कुणाला सांगायचाच नाही अशी सवय लागली की मग आधी तलाठ्याला नाही, मग भावाला नाही, मग बायकोलाही नाही, आणि शेवटी त्यांना स्वतःलाही नीट माहीत नसतं की आपण वर्षाला किती कमावतो. म्हणून तुम्हाला "तुझं काय जातंय" असं विचारलं जातं तेव्हा उत्तर हे आहे की फॉर्मवर नाव तुमचं, आधार तुमचा, घोषणा तुमची, आणि उत्पन्न किती हे मात्र तुम्हाला अंदाजाने माहीत. तुम्ही प्रश्नात ५०-६० हजार लिहिलंय ना, ते त्यांनी सांगितलंय की तुम्ही अंदाज बांधलाय? मला वाटतं अंदाजच.

म्हणून पहिलं काम, भांडण खरंखोटं यावरून करू नका, हिशोब मागा. एक संध्याकाळ बसा दोघं. सीझनचे चार महिने ५५ हजार धरले आणि बाकीचे आठ महिने २५ हजार, तर वर्षाला ४ लाख २० हजार आले, त्यातून गॅस, पार्ट, पेट्रोल, मोबाइल, हेल्परची मजुरी वजा करा. जे उरतं ते उत्पन्न. लोक इथेच घोळ करतात, कोणी आलेले सगळे पैसे उत्पन्न धरून घाबरतो, कोणी खिशात उरलेले. कदाचित तुमचं ३ लाखाच्या आसपास निघेल, कदाचित खरंच अडीचच्या आत निघेल, मग तर तुम्ही निर्धास्तपणे ई-केवायसी करा, कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. आधी आकडा तरी येऊ दे.

आता मिस्टरांच्या मनात टॅक्सची भीती असणार, आमच्याकडेही तीच होती. ती पण मोजून बघा. नवीन टॅक्स पद्धतीत २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ७ लाखापर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होता, २०२५-२६ पासून तो १२ लाखापर्यंत शून्य आहे. म्हणजे तुमचं ३ लाख असो की ५ लाख, टॅक्स शून्यच. जो टॅक्स लागतच नाही तो वाचवायला माणूस आयुष्यभर लपून बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. ४ लाखाच्या आत असेल तर २०२५-२६ साठी एरवी रिटर्नची सक्ती नाही, तरी स्वतःहून भरता येतं आणि धंदेवाल्याने भरावं. छोट्या धंद्याला सगळ्या वह्या ठेवायची गरज नाही, उलाढालीवर किमान ८ टक्के आणि ऑनलाइन आलेल्या पैशावर किमान ६ टक्के नफा धरून सुगम म्हणजे आयटीआर ४ हा रिटर्नचा सोपा फॉर्म भरता येतो. फक्त ते किमान आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, आणि उत्पन्नाच्या दाखल्याला हे ८ टक्के पुढे करून परत तोच खेळ करायचा नाही. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी देऊन भरता येतं, ५ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर १ हजार रुपये. मागच्या वर्षांचं काय करायचं ते सीएला विचारा, जुन्या वर्षांसाठी अपडेटेड रिटर्नची सोय आहे आणि आता त्याला चार वर्षांपर्यंत मुदत असते.

आणि तो क्यूआर कोड सासूबाईंच्या नावावरून आधी काढा. मिस्टरांचे पैसे त्यांच्या खात्यात जमा होतायत, उद्या कोणी विचारलं तर उत्तर त्या माउलीला द्यावं लागेल. स्वतःच्या नावावर वेगळं खातं काढायला अर्धा दिवस लागतो.

आता लाडकी बहीणचं. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, आणि मर्यादा अडीच लाख. आयकर भरणारं कोणी घरात नसावं ही अट वेगळी आहे. लोक म्हणतात रिटर्न भरलं की योजना बंद, तर नुसतं शून्य टॅक्सचं रिटर्न म्हणजे आयकर भरणं नव्हे, पण उत्पन्नच अडीचच्या वर असेल तर तसंही बसत नाही, रिटर्न भरा नाहीतर नका भरू. हिशोबात ते वर गेलं तर अर्ज केला तिथे, अंगणवाडीत किंवा महिला व बालविकासच्या ऑफिसला लेखी द्या की मला लाभ सोडायचाय, आणि पोच घ्या. जानेवारी २०२५ ला पडताळणी सुरू झाली तेव्हा बऱ्याच बायकांनी असं सोडलंय, तुम्ही पहिल्या नाही. जाऊबाई घेतात की नाही यात पडू नका, त्यांचं कुटुंब वेगळं धरतात, त्यांचं उत्पन्न तुम्हाला माहीत नाही.

पण ताई, एक गोष्ट तुम्ही प्रश्नात अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलीय, की हे १५०० च फक्त माझ्या हक्काचे येतात. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. घरात महिन्याला ५० हजार येतात आणि तुमच्या खात्यात फक्त सरकारचे १५०० येतात, मग ते सोडायचे म्हटल्यावर सोडणार कोण, तुम्ही. मिस्टरांचं काहीच जात नाही. हे बरोबर नाही, आणि प्रामाणिकपणाचा सगळा खर्च एकट्या बाईने उचलायचा हे मी तुम्हाला अजिबात सांगणार नाही. त्यामुळे लाभ सोडायच्या आधी हे ठरवून घ्या की दर महिन्याच्या १ तारखेला तुमच्या खात्यात ठरलेली रक्कम येईल, १५०० पेक्षा जास्त, मागायला न लावता. तुम्ही गिऱ्हाइकांचे फोन घेता, व्हॉट्सॲपवर पत्ते पाठवता असं लिहिलंय, ते काम आहे, त्याचे पैसे होतात. हे बोलताना योजना, सरकार, पाप-पुण्य काही मध्ये आणू नका. फक्त म्हणा की तुमच्या धंद्याचा हिशोब मी लिहिते, आणि मला महिन्याचे एवढे द्या. माझ्या मिस्टरांना आधी ते लागलं, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी डायरी आणून टेबलावर ठेवली.

तक्रार करू नका म्हणते ते यासाठी. तक्रारीने आकडा बाहेर येईल, पण तुमच्या हातात येणार नाही. आणि मिस्टरांची बाजूही खोटी नाही, ज्याला पगार नाही, पीएफ नाही, पावसाळ्यात काम नाही, त्याला प्रत्येक येणारा रुपया धरून ठेवावासा वाटतो, त्यात लबाडीपेक्षा भीतीच जास्त असते. हिशोब बघूनही ते नाहीच म्हणाले आणि तुमच्याकडून खोटंच लिहून घ्यायचं म्हणाले, तर मात्र सही करू नका, ई-केवायसी करू नका. तेवढं तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

सासूबाईंचं विचाराल तर वेळ लागतो. २०२४ ला मी लाडकी बहीणचा फॉर्म भरला नाही तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, घरी चालत आलेली लक्ष्मी परत पाठवतेस. चार महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मी वाद घातला नाही, हिशोबाची वही त्यांना दिसेल अशी हॉलमध्ये ठेवायला लागले. मुलीची आरटीई आठवीला संपली, नववीची पूर्ण फी आम्ही भरली, तेव्हा ती पावती त्यांनीच वहीत ठेवली. आता १ तारीख उलटली की त्याच मिस्टरांना विचारतात, "हिच्या खात्यात टाकलेस का रे?"