गेम अधूनमधून अडकतोय? आधी केबल लाव

अरे, लगेच नवीन राउटर घेऊ नकोस, सगळे पहिली चूक हीच करतात. घरातल्याच पीसीवर चालणारा गेम वायफायवरून टीव्हीवर पाठवून (स्ट्रीम करून) खेळतोयस ना, मग इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा की ३०० चा यानं काही फरक पडत नाही, सगळं काम राउटर आणि घरातल्या वायफायचं.

पहिलं म्हणजे पीसी राउटरला लॅन केबलने जोड. दोन्हीकडे वायफाय असलं की तोच डेटा हवेतून दोनदा जातो. मी नाशिकला सिडकोत राहतो, पीसी आतल्या खोलीत, दाराच्या चौकटीवरून १५ मीटर कॅट ६ लॅन केबल खिळे मारत ओढली आणि अर्धा त्रास तिथेच संपला बघ.

दुसरं, टीव्ही राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाक. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे एकाच रस्त्यावर, संध्याकाळी द्वारका चौकात गाड्यांची कोंडी होते तसं. पण ५ ला भिंती जड जातात, म्हणून राउटर कपाटात कोंबू नकोस.

स्ट्रीमिंगच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला टीव्हीकडे किती डेटा पाठवायचा ते, सुरुवातीला २० एमबीपीएस ठेव.

अडकेल तेव्हा टीव्हीजवळ लॅपटॉप घेऊन त्याच वायफायवरून राउटरला पिंग लाव (उत्तर यायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं), २-३ मिलिसेकंदावरून एकदम १०० च्या वर उडी मारली तर दोष वायफायचाच. राउटरच्या चॅनल, क्यूओएस वगैरे सेटिंगमध्ये आत्ता शिरू नकोस. जमेल तुला, केबल लावलीस की कळव.