पोह्यांचे किती द्यायचे?

पत्र : "मावशी, मी पुण्याची. एका सेमिस्टरसाठी एक्सचेंजवर ऑस्लोला आले आहे. अर्जाला उशीर झाला, विद्यार्थी वसाहतीत खोली मिळाली नाही. ओळखीतल्या एका मराठी दादाने शेअर फ्लॅटमधली त्याची खोली मला दिली. तो नोकरीसाठी बर्गनला गेला आहे. दोन महिन्यांचं डिपॉझिट, १५,००० क्रोनर, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात, त्याच्या खात्यात भरलं. लेखी काही नाही. डिसेंबरअखेर परतायचंय, पण डिपॉझिटचं नाव काढलं की तो 'बघू गं' म्हणतो. घरात दोन नॉर्वेजियन मुलं आणि एक जर्मन मुलगी आहे. फ्रिजवर सफाईची यादी, भांड्यांच्या साबणाचेही पैसे वाटून घेतात. फोडणी दिली की धुराचा अलार्म कोकलतो. परवा जर्मन मुलीला पोहे दिले, तर तिने विचारलं, 'किती द्यायचे?' मला रडूच आलं. दादाला लेखी मागितलं तर तो दुखावेल का? – स."

प्रिय स.,

दुखावला तर दुखावू दे. सव्वा लाख रुपये तुझ्या आईबाबांच्या खिशातून गेलेत आणि ते परत मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मला तुझ्या पत्रात एक गंमत दिसली. जे साबणाच्या पैशांपासून सगळा हिशोब फ्रिजवर उघडा लावतात ते तुला परके वाटतात, आणि ज्याने सव्वा लाखाचा एक कागद दिला नाही तो दादा!

नॉर्वेचा भाडेकायदा १९९९ चा आहे आणि तो भाडेकरूच्या बाजूने बराच स्पष्ट बोलतो. डिपॉझिट भाड्याने देणाऱ्याच्या खिशात जाऊ शकत नाही. ते भाडेकरूच्या नावाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावं लागतं, व्याजही भाडेकरूचं. दोघांपैकी एकाने मागितला तर करार लेखी करावाच लागतो. "तुझा नॉर्वेचा ओळख क्रमांक नव्हता, खातं कसं उघडणार?" असं तो म्हणेल. असेल तसं, पण म्हणून पैसे त्याचे होत नाहीत.

आता एक साधं काम कर. खाली जाऊन टपालपेटी बघ. तिच्यावर तुझं नाव आहे का? तिथे पेटीवर नाव नसेल तर टपाल येत नाही, म्हणून रीतसर राहणारा प्रत्येक जण आधी ते चिकटवतो. "नाव लावू नकोस" असं दादाने सांगितलं असेल, तर मूळ घरमालकाला तुझा पत्ताच नाही असं समज. संध्याकाळी त्या जर्मन मुलीला विचार, मालक कोण आणि तिचं डिपॉझिट कुठे आहे. ती खरं आणि नेमकं सांगेल. हिशोबाची माणसं याच कामाला येतात गं.

मग दादाला मेसेज कर, फोन नको: "दादा, मी ३१ डिसेंबरला खोली सोडतेय. तुझ्याकडे माझे १५,००० क्रोनर डिपॉझिट आहे. नोव्हेंबर आणि डिसेंबरचं भाडं त्यातून वळतं करूया का? शुक्रवारपर्यंत कळव." रक्कम, तारीख, सगळं त्यात येऊ दे. तो हो म्हणाला तर विषय मिटला. नाही म्हणाला तर आपल्या मनाने भाडं थांबवू नकोस, त्यात तूच अडकशील. बँकेतूनच भर, रोख अजिबात नको, आणि युसबुसकडे जा. ऑस्लो विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी तो मोफत सल्ला चालवतात. भाड्याच्या भांडणांसाठी वेगळं सरकारी मंडळही आहे, त्याला वकील लागत नाही. पैसे भरल्याची पावती आणि त्याचे जुने मेसेज आजच जपून ठेव.

राहता राहिले पोहे. तिला तुझ्या हातचं आवडलं नाही असं नाही, फुकट खाल्लं असं व्हायला नको एवढंच. "पैसे नकोत, मला खाऊ घालायला आवडतं," असं हसून सांग. पुढच्या वेळी ती केक आणेल, तेव्हा तू मुकाट्याने खा. सफाईच्या यादीत तुझा आठवडा मात्र चुकवू नकोस; त्या घरात चार गोड शब्दांपेक्षा घासलेलं बेसिन जास्त बोलतं.

आणि फोडणी सोडू नकोस बाई! तेल धुरकटेपर्यंत तापवू नको, मोहरी पडली की झाकण घाल, पंखा आधी लाव, दार बंद ठेव. डाळ, कोथिंबीर ऑस्लोतल्याच ग्रोनलांड भागातल्या दुकानांतून आण, खर्च आटोक्यात राहील. नोव्हेंबर सरता सरता साडेतीनलाच अंधार पडायला लागेल, तेव्हा खोलीत एकटी खात बसू नकोस, ताट घेऊन स्वयंपाकघरात ये.

आईला डिपॉझिट अडकल्याचं सांगितलं नसशील, तर आज सांग. आणि मेसेज पाहून दादाचा फोन येईलच, "अगं, एवढं काय लिहायचं?" म्हणून. तेव्हा "हेच मेसेजवर पाठव ना दादा" म्हण आणि फोन ठेव.

– मावशी