शाफ्टवर जाम झालेला विंडलासचा गिअरबॉक्स: पहार लावण्याआधी तळाचं झाकण उघडा

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. उभा विंडलास (नांगराची साखळी ओढणारं यंत्र), वरचा ड्रम निघाला, जिप्सी (साखळी पकडणारं खाचांचं चाक) आणि क्लचचे शंकूही निघाले, पण डेकखालचा गिअरबॉक्स स्टेनलेसच्या शाफ्टवरून तसूभर उतरत नाही. आता तुम्ही विंडलासची बैठक आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत पहार घालून तो खाली ठोकणार आहात. कृपा करून ते करू नका. माझ्या बोटीवर नेमकं हेच झालं होतं.

वीज तोडणं, नांगर दोरीने क्लीटला (डेकवरच्या दोरी बांधायच्या खुंट्याला) बांधून साखळीचा भार काढणं, गिअरबॉक्सखाली टेकू देणं हे तुम्ही केलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

मला सगळ्यात महागात पडला तो अधिकृत सेवा केंद्राचा सल्ला. नाव घेत नाही. मी मॉडेल कळवलं, फोटो पाठवले, आतल्या रचनेची आकृती मागितली. आकृती ग्राहकांना देत नाही म्हणाले, आणि सांगितलं काय, तर पहार लावून खाली ठोका, उतरेल. माझ्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्सच्या तळाशी एक लहानसं झाकण असतं. रंगाच्या थरांखाली ते वेगळं दिसतही नाही. त्याच्या आत, शाफ्टच्या टोकाला, खाचेत सर्क्लिप (भाग निसटू न देणारी स्प्रिंगसारखी उघडी कडी) बसवलेली असते. ती जागेवर असेपर्यंत गिअरबॉक्स उतरणं शक्यच नाही. ठोकण्यात फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या कडेचा) कान तडकला, बेअरिंगला खळगे पडले आणि मोटरच्या आतला एक चुंबक चिकटवलेल्या जागेवरून सुटला. कायम चुंबकाच्या मोटरला हादरे अजिबात सोसत नाहीत. पुढे तेच केंद्र म्हणालं की गिअरबॉक्सचं कवच सुटं मिळत नाही, मोटरसकट पूर्ण संचच घ्यावा लागेल. आकृती समोर ठेवून बसलेल्या माणसाने ‘आधी सर्क्लिप काढा’ एवढं सांगितलं असतं तर काहीच मोडलं नसतं. त्याचा राग मला आजही येतो.

म्हणून सगळ्यात आधी तळ खरवडून पाहा. झाकण, सर्क्लिप, टोकाचा बोल्ट किंवा बाजूने घुसवलेला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू), यांपैकी काहीतरी बहुतेक सापडेल. मोटर वेगळी काढता येत असेल तर तीही आत्ताच काढून बाजूला ठेवा.

आता गरम करण्याबद्दल. जाम झालं की गॅसचा बर्नर लावा, असं सगळेच सांगतात. इथे मला ते पटत नाही. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं असलं तरी शाफ्ट ज्या पोकळ नळीत बसतो ती बऱ्याचदा साध्या पोलादाची असते. साधं पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे 12 मायक्रॉन वाढतं, 316 स्टेनलेस सुमारे 16. म्हणजे दोन्ही सारखेच तापले तर शाफ्ट नळीपेक्षा जास्त फुगतो आणि पकड उलट घट्ट होते. फक्त नळी तापवली तर फायदा आहे, पण ती आत दडलेली असते, तिथपर्यंत उष्णता पोचेतो शाफ्टही तापतो. शिवाय ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) जळतात आणि डेकचं रेझिन 100 अंशांच्या आतच मऊ पडू शकतं. याउलट गारवा इथे आपल्या बाजूने काम करतो. शाफ्टच्या टोकावर गोठवणारा स्प्रे मारला की तो नळीपेक्षा जास्त आकसतो. फरक मायक्रॉनमधलाच असतो, पण गंजाचा थर तडकला की तेलाला वाट मिळते. नळी अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर मात्र हिशेब उलटा. अ‍ॅल्युमिनियम 23 मायक्रॉनच्या आसपास वाढतं, तिथे हीट गन उपयोगी पडते. चुंबक लावून पाहा, पोलादाला चिकटेल, अ‍ॅल्युमिनियमला नाही.

तेलाच्या आधी गरम गोडं पाणी वापरा. फटीत गंजाबरोबर मीठही असतं आणि ते तेलात विरघळत नाही. पाणी मुरू द्या, पूर्ण सुकू द्या, मग पेनेट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) घाला आणि घाई न करता वाट पाहा. माझ्या मते या वाट पाहण्यानेच निम्मं काम होतं.

ओढण्यासाठी मी जाड पोलादी पट्टी वापरली. ती गिअरबॉक्सच्याच बोल्टांच्या भोकांतून लांब आट्याच्या दांड्यांनी तळाशी टांगली आणि पट्टीच्या मधल्या बोल्टने शाफ्टचं टोक खालून वर दाबलं. शाफ्ट ज्यात बसतो ते भोक गिअरबॉक्समधून आरपार असेल तरच हे जमतं. ताण बेअरिंगवरही येतो, म्हणून बोल्ट पाव आटा फिरवायचा, थांबायचं, परत तेल आणि गारवा द्यायचा. सुटताना मोठा आवाज होतो आणि गिअरबॉक्स एकदम खाली येतो. टेकू असलाच पाहिजे, आणि खाली डोकं घालू नका.

मी मरीन इंजिनिअर नाही आणि तुमचं मॉडेल मी पाहिलेलं नाही. आडव्या विंडलासची रचना वेगळी असते, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

परत बसवताना शाफ्टला आणि चावीच्या (शाफ्ट आणि नळी एकत्र फिरवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेला टेफ-जेल (गंजापासून वाचवणारं मलम) किंवा लॅनोलिनचं ग्रीस भरपूर लावा. शंकूंना मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलंय तेच आणि तेवढंच लावा. सील नवेच घाला, जुने चांगले दिसले तरी. दरवर्षी एकदा गिअरबॉक्स उतरवून परत चढवला तर हा त्रास होत नाही.

आणि मोटरवरच्या पट्टीचा अनुक्रमांक अजून वाचता येत असेल तर आजच फोटो काढून ठेवा. माझ्या पट्टीवरचे आकडे गंजात गेले होते आणि त्या केंद्राने अनुक्रमांकाशिवाय सीलसुद्धा द्यायला नकार दिला. शेवटी जुन्या सीलच्या कडेवर छापलेली मापं, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, घेऊन बेअरिंगच्या साध्या दुकानातून सील मिळाले. तेव्हा जुने सील फेकू नका.