काही राज्यांच्या सरकारी वीज कंपन्या सुधारल्या, काही तोट्यातच राहिल्या. असं का? खासगीकरण हाच उपाय आहे का?

नाही. मीटरचा आकडा खरा लिहिला जातो का, यावर सगळं ठरतं. मी वीज वितरणात एकतीस वर्षं काढली आहेत.

कनिष्ठ अभियंता असताना माझ्याकडे अकरा केव्हीचा एक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, होता. उपकेंद्रातून किती युनिटं गेली आणि बिलं किती युनिटांची निघाली, याचा मी तीन महिने ताळा घातला. रात्री बॅटरीच्या उजेडात स्वतः रीडिंग वहीत उतरवायचो. जवळजवळ निम्मी वीज बिलात येतच नव्हती. तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे होतेच, पण मोठी गळती एका बर्फाच्या कारखान्यात निघाली. मीटरच्या सीलची तार कापून पुन्हा पिळलेली होती. अहवाल दिला. साहेबांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "उरलेली युनिटं शेतीपंपांवर टाका." पंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर, त्यामुळे कितीही टाका, विचारणारं कोणी नाही. मी सही केली नाही. दोन महिन्यांत माझी बदली स्टोअरला. शेतकरी फुकट वीज खातो असं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही तापतं. त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं ते मी पाहिलंय.

गुजरातने नेमकी हीच लपायची जागा बंद केली. ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे काढले, म्हणजे पंपांना गेलेली वीज वेगळी मोजता आली, २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या केल्या, मालकी सरकारचीच ठेवली, आणि त्या नफ्यात आल्या. ओडिशाने मंडळ सगळ्यांच्या आधी, १९९६ मध्येच फोडलं आणि १९९९ मध्ये वितरण खासगी हातात दिलं. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं. मधल्या ओडिशाचं वितरण घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ मध्ये निघून गेली, बाकीच्या तीन विभागांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले.

माझा मेहुणा दर दिवाळीला दिल्लीचं उदाहरण देतो. २००२ मध्ये खासगीकरण झालं आणि निम्म्याच्या आसपास असलेली गळती पुढे दहा टक्क्यांखाली आली, हे खरं आहे. भिवंडीतही २००७ पासून फ्रँचायझीने, म्हणजे कराराने वितरण चालवणाऱ्या खासगी कंपनीने, गळती बरीच उतरवली, तेही मान्य. पण दोन्हीकडे दाट वस्ती, शेतीपंप नावाला. विदर्भातल्या लांबच लांब फीडरला ते जसंच्या तसं लागू होत नाही.

तुम्ही राज्यांची तुलना करणार असाल तर आधी किती शेतीपंपांना मीटर आहेत ते काढा. मेहुण्याने हा आकडा अजून एकदाही काढलेला नाही.